एरर करेक्शन कोड पहिल्यांदाच बनवताय? मग आधी चॅनेल मोजा

नाशिकला इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरवाली पोरं फायनल इयरला आली की एक प्रोजेक्ट हमखास निघतो, द्राक्षबागेत सेन्सर लावायचा, पानं किती तास ओली राहिली ते मोजायचं आणि तो आकडा रेडिओवरून घरी पाठवायचा. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगाची फवारणी घ्यायची की थांबायचं हे बरंचसं त्या आकड्यावर असतं, म्हणून कल्पना चांगलीच आहे. पण २ तासांचे १८ तास व्हायला फक्त एक बिट उलटावं लागतं, सोळाच्या जागेवरचं, आणि मग शेतकरी नको असलेली फवारणी घेतो किंवा हवी असलेली चुकवतो. म्हणून एरर करेक्शन, म्हणजे डेटाबरोबर थोडी जास्तीची बिटं पाठवायची आणि त्यावरून चुकलेली बिटं तिकडे दुरुस्त करायची. आता होतं काय, की नवीन माणूस डायरेक्ट नेटवर एलडीपीसी नाहीतर टर्बो कोड शोधतो, कारण नाव मोठं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की कोड शेवटी निवडायचा, आधी बघायचं की तुमच्या चॅनेलवर, म्हणजे सिग्नल ज्या वाटेने जातो तिथे, चुका होतात कशा. पुढे जे लिहिलंय ते याच क्रमाने लिहिलंय आणि हाच क्रम पाळा.

तयारी काय लागेल: बायनरी आणि एक्सॉर येत असावं, पायथन थोडंफार, आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारी दोन रेडिओ मॉड्यूल्स. हा बँड आपल्याकडे ठरलेल्या पॉवरच्या आत लायसन्सशिवाय वापरता येतो. मॉड्यूल लोराचं (लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत) असलं तरी शिकताना ते एफएसके मोडला (० आणि १ साठी दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी, साधी पद्धत) टाका, कारण लोरा मोडमध्ये चिपच्या आतच ४/५ ते ४/८ असा कोडिंग रेट, म्हणजे ४ बिटांमागे ५ ते ८ बिटं, आधीपासून चालू असतो, मग तुम्हाला चॅनेलच्या खऱ्या चुका दिसणारच नाहीत.

आधी एक सोपा प्रयोग, घरबसल्या

कॉलेज रोडच्या चहावाल्यापासून पंचवटीतल्या फुलवाल्यापर्यंत सगळ्यांकडे जो क्यूआर कोड लावलेला असतो, त्याच्या आत रीड-सोलोमन कोड आहे. क्यूआर १९९४ ला जपानच्या डेन्सो वेव्हने काढला आणि त्यात दुरुस्तीच्या चार लेव्हल आहेत, एल, एम, क्यू आणि एच, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के. एकच मजकूर एल आणि एच दोन्ही लेव्हलला प्रिंट करा आणि पेनाने हळूहळू काळं करत जा, मधेमधे स्कॅन करत. एल आधी मरेल, एच बराच वेळ टिकेल, पण एचमध्ये चौकोन जास्त लागलेत हेही दिसेल, म्हणजे दुरुस्ती फुकट मिळत नाही. आता नवा प्रिंट घ्या आणि फक्त कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन झाका. बाकी सगळा कोड धडधाकट असून बहुतेक वेळा स्कॅन होणारच नाही, कारण कोड कुठे सुरू होतो तेच फोनला कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, रेडिओत तिचं नाव सिंक वर्ड आहे आणि नवीन माणसाचे दिवस सगळ्यात जास्त तिथेच जातात.

पहिली पायरी: चुका गोळा करा

चिपचा स्वतःचा सीआरसी (पॅकेट बिघडलंय का ते ओळखणारी जास्तीची बिटं) बंद करा, नाहीतर खराब पॅकेट चिपच टाकून देईल आणि आपल्याला तर नेमकं तेच खराब पॅकेट हवंय. दोन्ही बाजूंना माहीत असलेला एक ठरावीक बिटांचा क्रम पाठवा. ९ बिटांच्या शिफ्ट रजिस्टरमधून ५११ बिटांनी परत फिरणारा क्रम निघतो, तो यासाठी छान चालतो. आला तो डेटा आणि पाठवला तो डेटा यांचा एक्सॉर घ्या, जिथे १ तिथे चूक. हजारात एक बिट चुकत असेल आणि तुम्हाला भरवशाचा आकडा हवा असेल तर शंभरेक चुका तरी पकडायला पाहिजेत, म्हणजे एक लाख बिटं, म्हणजे ५१२ बिटांची साधारण २०० पॅकेटं. हे काही फार नाही, तासाभरात होतं.

पण एका तासावर थांबू नका. शेतीचा थ्री-फेज कधी दिवसा येतो कधी रात्री, आणि मोटर ज्या क्षणी चालू होते तेव्हा स्टार्टरच्या कॉन्टॅक्टला स्पार्क होतो, त्याचा कचरा रेडिओत येऊ शकतो. लाइन ५० हर्ट्झची असल्यामुळे लाइनमधून येणारा आवाज बऱ्याचदा दर १० मिलीसेकंदांनी परत परत उठतो. म्हणून लॉगर दिवस-रात्र चालू ठेवा आणि प्रत्येक चुकीची वेळ लिहा, मोटर कधी चालू झाली तेही.

मग चुकांच्या मधली अंतरं बघा. सरासरी हजारात एक चूक आहे आणि दोन चुकांमधलं अंतर कधी ३००, कधी २०००, कधी ९०० असं विखुरलेलं आहे, तर चुका रँडम आहेत. पण अंतर २, १, ४, १, ३ आणि मग एकदम वीस हजार बिटं शांतता असं दिसत असेल तर तो बर्स्ट आहे, म्हणजे चुका झुंडीने येताहेत. दोन्ही ठिकाणी सरासरी तीच येऊ शकते आणि कोड मात्र वेगळा लागतो, इथेच सगळी गंमत आहे. तिसरा प्रकार म्हणजे पॅकेटच गायब, आलंच नाही. समजा तुम्ही २०२७ च्या सिंहस्थासाठी रामकुंडाजवळ गर्दी मोजणारा सेन्सर लावायचा विचार करताय, तर तिथे एकाच बँडवर बरेच जण बोलत असतील, पॅकेटं एकमेकांवर आदळतील आणि अख्खीच्या अख्खी जातील. बागेतला आणि घाटावरचा चॅनेल एक नाही, म्हणून कोडही एक नाही.

अजून एक. एखाद्या पॅकेटमध्ये सुरुवात बरोबर आणि एका जागेपासून शेवटपर्यंत जवळजवळ निम्मी बिटं चुकीची दिसली तर तो नॉइज नाही, एखादं बिट गळालंय किंवा जास्तीचं घुसलंय आणि पुढचं सगळं सरकलंय. या लेखातला कुठलाच कोड त्याला दुरुस्त करणार नाही. क्लॉक, बॉड रेट (इथे सेकंदाला किती बिटं) आणि प्रिअँबल (पॅकेटच्या आधी जाणारी ठरावीक बिटं) तपासा.

दुसरी पायरी: दुरुस्ती हवी की नुसतं ओळखणं पुरे

उलट दिशेने बोलता येत असेल, म्हणजे घरचं मॉड्यूल सेन्सरला "परत पाठव" सांगू शकत असेल, तर नुसता सीआरसी लावून काम होऊ शकतं. १६ बिटांचा सीआरसी (सीसीआयटीटीवाला, १०२१ हेक्स) १६ बिटांपर्यंतचा कुठलाही एक बर्स्ट पकडतोच पकडतो आणि पूर्ण रँडम कचऱ्यातून साधारण ६५,५३६ मध्ये एक सुटतो. बॅटरीवरचा सेन्सर मात्र बहुतेक वेळ झोपलेला असतो, उत्तरासाठी रिसीव्हर चालू ठेवला की बॅटरी खातो, तिथे एकाच दिशेने पाठवणं आणि दुरुस्ती तिकडे करणं परवडतं. हा निर्णय आधी घ्या.

तिसरी पायरी: हॅमिंग कोड हाताने सोडवा

लायब्ररी आहेच, पण हे एकदा वहीत करा. बेल लॅब्समधल्या रिचर्ड हॅमिंगने १९५० मध्ये हा छापला, ४ बिट डेटा आणि ३ पॅरिटी (तपासणीची जास्तीची बिटं), एकूण ७. जागांना १ ते ७ नंबर द्या. १, २ आणि ४ या जागा पॅरिटीच्या, ३, ५, ६, ७ डेटाच्या. डेटा समजा ११०१, तर जागा ३ वर १, ५ वर १, ६ वर ०, ७ वर १. पॅरिटी अशी भरायची की ज्या ज्या जागांवर १ आहे त्यांच्या नंबरांचा एक्सॉर शून्य यावा. ३, ५, ७ चा एक्सॉर येतो १, म्हणून जागा १ वर १ टाका, २ आणि ४ वर शून्य. कोडवर्ड झाला १०१०१०१.

आता रस्त्यात ६ नंबरचं बिट उलटलं, आलं १०१०१११. १ असलेल्या जागा १, ३, ५, ६, ७, त्यांचा एक्सॉर करा, ६ येतो. म्हणजे चुकीची जागाच सांगितली त्याने! पहिल्यांदा हे वहीत जमतं तेव्हा खरंच भारी वाटतं.

पण लगेच दुसरं करून बघा. ६ बरोबर २ पण उलटवा. एक्सॉर येतो ४. डीकोडर इमानदारीत ४ उलटवतो आणि निकाल १११११११, म्हणजे सगळे एक, जो स्वतः एक वैध कोडवर्ड आहे. डेटा निघतो ११११, पाठवला होता ११०१, आणि कुठेही एरर दाखवत नाही. दोन चुका झाल्या की हा कोड बिनधास्त खोटं सांगतो. आठवं बिट एकूण पॅरिटीचं जोडलं तर (८,४) होतो, तो एक चूक दुरुस्त करतो आणि दोन झाल्या तर निदान ओळखतो.

हे का होतं तर अंतरामुळे. बागेत दोन वेलींमध्ये जागा सोडतो ना, की फांदी बाहेर आली तरी ती कुठल्या वेलीची ते कळावं, तसंच कोडवर्डांमध्ये अंतर सोडायचं असतं. कुठलेही दोन कोडवर्ड किमान किती बिटांनी वेगळे, ते मिनिमम डिस्टन्स. डिस्टन्स ३ असेल तर १ चूक दुरुस्त, ५ असेल तर २, ७ असेल तर ३. म्हणजे एक वजा करून अर्धं. आणि कुठली बिटं गेली ते आधीच माहीत असेल, म्हणजे इरेजर असेल, तर अर्धं करायची गरज नाही, ७ वाला कोड ६ इरेजर भरून काढतो. माहीत असलेलं नुकसान निम्म्या खर्चात भरून निघतं, हे डिझाइनमध्ये फार कामाला येतं.

चौथी पायरी: हिशोब करा, मग कोड निवडा

आपलं पॅकेट २० बाइटचं धरू, १८ बाइट डेटा आणि २ बाइट सीआरसी, १६० बिटं. सीआरसी आधी आणि दुरुस्तीचा कोड त्याच्या बाहेरून, हा क्रम उलटा करू नका, कारण डीकोडरने चुकीची दुरुस्ती केली तर ती पकडायला आत सीआरसी बसलेला पाहिजे. हरवलेला आकडा चालतो, पुढच्या पंधरा मिनिटांनी दुसरा येईल, खोटा आकडा चालत नाही.

चुका रँडम, हजारात एक. काहीच कोड नसेल तर पॅकेट धड पोचायची शक्यता ०.९९९ चा १६० वा घात, साधारण ०.८५. म्हणजे शंभरातली १५ पॅकेटं वाया. (७,४) हॅमिंग लावला तर ४० ब्लॉक होतात, एका ब्लॉकमध्ये दोन चुका व्हायची शक्यता साधारण २१ गुणिले दहालाखांश, चाळीस ब्लॉक मिळून हजारात एकापेक्षाही कमी पॅकेट जातं. मस्त. पण १६० ची २८० बिटं झाली, ४८०० बॉडवर ३३ मिलीसेकंदांचे ५८ झाले, बॅटरीचा खर्च पावणेदोन पट. डेसिबलमध्ये हा दंड २.४ चा आहे. कोडचा फायदा मोजताना हा दंड वजा करूनच मोजायचा, एका उपयोगी बिटामागे किती एनर्जी लागली हीच तुलना खरी, बाकी ग्राफ सुंदर दिसतात पण फसवतात.

आता रीड-सोलोमन. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सोलोमन यांनी १९६० ला मांडला, हा बिटांवर नाही बाइटवर चालतो. २० बाइटला ८ पॅरिटी बाइट जोडा, २८ बाइट, २२४ बिटं. कुठलेही ४ बाइट चुकले तरी दुरुस्त, किंवा जागा माहीत असतील तर ८. (मिसळूनही चालतं, चुकांची दुप्पट अधिक इरेजर, बेरीज ८ च्या आत पाहिजे.) त्याच रँडम चॅनेलवर पॅकेट जायची शक्यता येते दहा लाखात तीनपेक्षा कमी. हॅमिंगपेक्षा बिटं कमी आणि काम कितीतरी चांगलं, कारण हॅमिंगने प्रत्येक ब्लॉकला वेगवेगळी एकेक चूक वाटून दिली, वापरली नाही तर वाया, आणि इथे चार बाइटची ताकद अख्ख्या पॅकेटला मिळून आहे.

बर्स्टला तर हा हक्काचाच. सलग २५ बिटांचा बर्स्ट कसाही पडला तरी जास्तीत जास्त ४ बाइटना लागतो, म्हणजे ८ पॅरिटीत बसतो. तुमच्या लॉगमध्ये बर्स्ट १० मिलीसेकंदांचे निघाले तर ४८०० बॉडवर ४८ बिटं, वाईटात वाईट ७ बाइट, म्हणून पॅरिटी १४ घ्या, एकूण २७२ बिटं, तरी हॅमिंगच्या २८० पेक्षा कमीच. बघा, पॅरिटीचा आकडा कुठून आला, तर स्टार्टरच्या स्पार्कच्या लांबीवरून. पुस्तकातून नाही आला.

छोट्या मायक्रोकंट्रोलरवर हॅमिंगच परवडत असेल तर इंटरलीव्हर लावा. ४० कोडवर्ड ओळीने ४० ओळींत लिहा आणि उभ्या रकान्यांनी पाठवा, तिकडे उलट करा. सलग ४० बिटं उडाली तरी प्रत्येक कोडवर्डच्या वाट्याला एकच चूक येते. किंमत म्हणजे अख्खं पॅकेट येईपर्यंत डीकोड करता येत नाही, २० बाइटला त्याचं काही नाही.

घाटावरच्या गायब पॅकेटांसाठी कोड पॅकेटच्या आत नको, पॅकेटांच्या पलीकडे हवा. प्रत्येकावर क्रमांक टाका, १० पॅकेटांमागे ४ पॅरिटी पॅकेट पाठवा, रीड-सोलोमनच पण उभा. १४ पैकी कुठलीही १० आली की झालं, कारण कुठली आली नाहीत ते क्रमांकावरून कळतंच.

पाचवी पायरी: लिहिताना जिथे अडकतं

रीड-सोलोमनचं गणित २५६ संख्यांच्या फील्डमध्ये चालतं, बेरीज म्हणजे एक्सॉर, गुणाकार लॉग टेबलने. फील्ड बनवणारी पॉलिनॉमिअल वेगवेगळी असतात, क्यूआरवाली २८५ आहे, अवकाशयानांच्या सीसीएसडीएस स्टँडर्डची ३९१. दोन्ही टोकांना तीच पॉलिनॉमिअल, पहिलं रूट तेच आणि बाइटमधल्या बिटांचा क्रम तोच पाहिजे, एक जरी वेगळं असलं तर एकही पॅकेट सुटणार नाही आणि तुम्हाला वाटेल रेडिओ खराब आहे. पायथनमध्ये रीडसोलो लायब्ररी आहे, मायक्रोकंट्रोलरसाठी सी मध्ये फिल कार्न यांचं लिबफेक खूप वर्षांपासून वापरात आहे. डीकोडरचा बर्लेकॅम्प-मॅसी भाग पहिल्या झटक्यात डोक्यात शिरत नाही, शिरला नाही तरी चालेल, एनकोडर आणि सिंड्रोम (चूक आहे का आणि कुठे ते सांगणारा आकडा, हॅमिंगमध्ये एक्सॉरने ६ आला तसा) मात्र स्वतः लिहा.

याच घराण्यातल्या बीसीएच कोडमधला बी म्हणजे राज चंद्र बोस, जन्म होशंगाबादचा, आधी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते, नंतर अमेरिकेत गेले, आणि सी म्हणजे द्विजेंद्र राय-चौधुरी. या दोघांचं हे १९६० चं काम अमेरिकेतलं आहे. आपल्याकडच्या वर्गात हे सांगितलंच पाहिजे.

पॅकेटची लांबी शक्यतो फिक्स ठेवा. लांबीचा बाइट कोडच्या बाहेर राहिला आणि तोच बिघडला तर डीकोडर कुठून कुठपर्यंत वाचणार? सिंक वर्ड २४ किंवा ३२ बिटांचा घ्या आणि रिसीव्हरला त्यात दोन-तीन चुका माफ करू द्या, नाहीतर तुमचा कोड ४ बाइट दुरुस्त करायला तयार बसलेला आणि सिंकच्या एका बिटावरून पॅकेट बाहेरच राहतं. क्यूआरचे तीन चौकोन आठवा.

कन्व्होल्युशनल कोड आणि त्याचा व्हिटर्बी डीकोडर (१९६७) कधी? रिसीव्हर नुसतं ० की १ न सांगता किती खात्रीने सांगतोय तेही देत असेल तेव्हा, त्या सॉफ्ट माहितीचा फायदा जवळपास २ डेसिबल मिळतो. एलडीपीसी गॅलेगरने साठच्या दशकातच मांडला होता, टर्बो १९९३ ला आला, पोलर २००९ ला, आणि ५जी मध्ये डेटाला एलडीपीसी आणि कंट्रोलला पोलर आहे. हे हजारो बिटांच्या ब्लॉकवर शॅननच्या १९४८ च्या मर्यादेच्या (चॅनेलमधून बिनचूक जाऊ शकणाऱ्या माहितीची हद्द) अगदी जवळ जातात, २० बाइटच्या पॅकेटला एलडीपीसीचा तो फायदा मिळत नाही. वापरायचाच असेल तर मॅट्रिक्स स्टँडर्डमधून उचला, वायफायच्या ८०२.११एन मध्ये ६४८, १२९६ आणि १९४४ बिटांचे तयार आहेत.

सहावी पायरी: टेस्ट

आधी सिम्युलेशन. प्रत्येक आकड्यासाठी शंभरेक फेल झालेली पॅकेटं जमेपर्यंत चालवा, तीन फेल बघून ग्राफ काढू नका. लिनिअर कोडला सगळे शून्य पाठवून टेस्ट करता येते, पण तेवढ्यावर राहू नका, एनकोडरमधली चूक शून्यांत लपते. तीन खाती वेगळी मोजा: बरोबर आलेली, "जमलं नाही" म्हणून टाकलेली, आणि चुकीची असून बरोबर म्हणून पास झालेली. तिसऱ्या खात्यात एक जरी पॅकेट आलं तर थांबा आणि का आलं ते शोधा.

मग पहिल्या पायरीत जमवलेल्या खऱ्या चुकांच्या फाइली काढा आणि त्याच तुमच्या कोडवर चालवा. बाजारातल्या कुठल्याही सिम्युलेटरपेक्षा तुमच्या मखमलाबाद नाहीतर दिंडोरीच्या बागेतली ती फाइल जास्त खरी आहे. त्या जपून ठेवा, कोड बदलला की परत चालवायच्या.

आणि मोजणी छाटणीनंतर लगेच केली असेल तर तेव्हा मांडव मोकळा असतो. पुढे पाला भरतो, पहाटे दवाने ओला होतो आणि ओल्या पाल्यातून ८६५ चा सिग्नल बराच दबतो, नेमका पानं ओली असतानाच, जेव्हा तो आकडा सगळ्यात जास्त हवा असतो. म्हणून डिसेंबरात एकदा परत पूर्ण लॉग घ्या. चुका वाढलेल्या दिसल्या तर पॅरिटी वाढवायच्या आधी अँटेना पाइपला बांधून मांडवाच्या वर काढा आणि परत मोजा, मग गरज उरली तरच ८ चे १४ करा.